दोन गिरणगावं, तीन पासपोर्ट

ब्रिटन आणि एस्टोनिया यांची तुलना करायला सहसा कुणी जात नाही. एकाने जगभर साम्राज्य चालवलं, दुसऱ्याचा बराचसा इतिहास इतरांच्या साम्राज्यात गेला. एकाची लोकसंख्या सात कोटींच्या घरात, दुसऱ्याची पावणेचौदा लाखांच्या आत, म्हणजे पिंपरी-चिंचवडपेक्षाही कमी. तरी मँचेस्टरला एमएस्सी करताना मी डिझर्टेशनला हाच विषय घेतला. बाहेरून आलेल्यांची मुलं-नातवंडं या दोन देशांत आज कुठे उभी आहेत? शिक्षणात, नोकरीत, घरादारात, मतदारयादीत? विषय सुचवला गाईडबाईंनी. त्यांचं म्हणणं असं की ब्रिटनची तुलना फ्रान्सशी, जर्मनीशी करून करून लोकांनी चोथा केलाय. ज्या देशात ‘स्थलांतरित’ एके काळी राज्यकर्त्यांच्या बाजूचे होते, तिथे जाऊन बघ.

एस्टोनियाची गोष्ट थोडक्यात सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. १९३४ साली तिथे साधारण ८८ टक्के लोक एस्टोनियन होते. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत संघाने देश गिळला आणि नंतरच्या चार दशकांत कारखाने, खाणी, बंदरं, लष्करी तळ यांसाठी रशिया, युक्रेन, बेलारूसमधून माणसं येत राहिली. १९८९च्या जनगणनेत एस्टोनियन ६१.५ टक्क्यांवर उतरले होते, रशियन ३० टक्क्यांवर पोचले होते. २० ऑगस्ट १९९१ला देश पुन्हा स्वतंत्र झाला. पुढच्या वर्षी नागरिकत्वाचा जुना कायदा परत लागू झाला: जून १९४०पूर्वी जे नागरिक होते ते आणि त्यांचे वंशज, एवढेच आपोआप नागरिक. बाकीच्यांनी एस्टोनियन भाषेची परीक्षा द्यावी, राज्यघटनेची द्यावी, मग अर्ज करावा. देशातला जवळपास प्रत्येक तिसरा माणूस एका रात्रीत कुठल्याच देशाचा नागरिक राहिला नाही. अशांना पुढे राखाडी रंगाचा पासपोर्ट मिळाला. आज असे लोक लोकसंख्येच्या पाच टक्क्यांच्या आसपास उरलेत.

ब्रिटनमध्ये क्रम उलटा. १९४८च्या कायद्याने वसाहतींतली माणसं आधीच ब्रिटिश प्रजा म्हणून दाराशी उभी होती. जमैकाचा माणूस, लाहोरचा माणूस बोटीतून उतरला की कागदावर त्याचा हक्क पक्का असे. खोली मात्र भाड्याने मिळत नसे. १९६२, १९७१ आणि १९८१ या तीन कायद्यांनी ते दार टप्प्याटप्प्याने लोटलं गेलं. एका देशाने आधी हक्क दिले आणि मग आखडते घेतले, दुसऱ्याने आधी काहीच दिलं नाही आणि मग थोडं थोडं सैल केलं. हे एवढं डोक्यात ठेवून मी आकड्यांकडे वळले आणि तिथेच महिनाभर अडकून पडले.

कारण ब्रिटनची जनगणना १९९१पासून माणसाला वंशगट विचारते (भारतीय, पाकिस्तानी, बांगलादेशी, कॅरिबियन वगैरे), पण आईवडील कुठे जन्मले हे विचारत नाही. १९७१ला विचारलं होतं, नंतर तो प्रश्न गेला. एस्टोनियाचं बरोबर उलट. २०२१ची त्यांची जनगणना मुख्यतः सरकारी नोंदवह्यांवरूनच तयार झाली. प्रत्येकाला अकरा आकडी ओळखक्रमांक, त्याला सगळ्या नोंदी जोडलेल्या. आजी-आजोबांपर्यंत जन्मस्थान जुळवून पहिली पिढी, दुसरी पिढी, तिसरी पिढी असे तक्ते त्यांचं सांख्यिकी खातं तयारच देतं. म्हणजे एका देशात मला पिढी मिळत होती, दुसऱ्या देशात वंश. एकाच तक्त्यात ही दोन बसवायची म्हणजे एका रकान्यात उंची आणि दुसऱ्यात वजन लिहून कोण मोठं ते ठरवण्यासारखं.

मार्ग निघाला तो युरोपियन सोशल सर्व्हेमधून. हा सर्व्हे २००२ला सुरू झाला, ब्रिटन पहिल्यापासून त्यात आहे, एस्टोनिया २००४पासून. वडील कुठे जन्मले, आई कुठे जन्मली, घरात कुठली भाषा बोलता, घरखर्च भागतो का ओढाताण होते, तुमच्या गटावर अन्याय होतो असं वाटतं का, हे सगळे प्रश्न दोन्ही देशांत सारख्याच शब्दांत. नाव नोंदवलं की डेटा फुकट उतरवता येतो. ज्याला कुणाला असलं काम करायचंय त्याने जनगणनेच्या नादी लागण्याआधी इथून सुरुवात करावी, हे मी माझ्यामागून आलेल्या दोघा-तिघांना सांगितलंय. अडचण एकच: प्रत्येक फेरीत एका देशातली दीडदोन हजार माणसं, त्यात दुसऱ्या पिढीची मूठभर. म्हणून बऱ्याच फेऱ्या एकत्र कराव्या लागतात.

एकत्र केल्यावर गंमत सुरू झाली. ब्रिटनच्या यादीत ‘वडिलांचा जन्म जर्मनी’ अशी माणसं बरीच दिसायला लागली. जर्मन स्थलांतरित इतके? गाईडबाई हसल्या. ही ब्रिटिश सैनिकांच्या घरातली माणसं. आजोबांची पोस्टिंग जर्मनीतल्या तळावर असताना वडील तिथे जन्मले. एस्टोनियाच्या यादीत तसाच पेच, पण त्यावर हसू येण्यासारखं काही नव्हतं. आईवडील दोघंही सायबेरियात जन्मलेले, घरात भाषा एस्टोनियन. मार्च १९४९मध्ये सोव्हिएत राजवटीने वीस हजारांवर लोकांना, बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी माणसं, मालगाड्यांत भरून सायबेरियात पाठवलं होतं. तिथे जन्मून परत आलेल्यांची ही मुलं. संगणकाच्या हिशेबी तेही ‘परदेशी मूळ असलेले’. उलट पेइप्सी तळ्याकाठचे जुन्या पंथाचे रशियन, कांदे पिकवणारे, दोनतीनशे वर्षं तिथेच राहिलेले. बोलतात रशियन, पण त्यांचं नागरिकत्व १९४०च्या आधीचं. त्यांना कुठल्या रकान्यात टाकायचं? शेवटी दोन्ही पालकांचा जन्म देशाबाहेरचा आणि शिवाय घरची भाषा किंवा वंशगट, अशी दुहेरी चाळणी लावली. चाळणीतून बरीच माणसं गळली, पण उरली ती ज्यांच्याबद्दल बोलायचं होतं तीच उरली.

एवढं झाल्यावर मी प्रत्यक्ष गावं बघायचा हट्ट धरला. निवड मात्र माझी, आणि त्यामागे स्वार्थ होता. माझे आजोबा लालबागच्या गिरणीत साचाखात्यात होते. १९८२च्या संपानंतर घरात काय झालं ते गिरणगावातल्या कुणालाही वेगळं सांगायला नको. त्यामुळे कापडाच्या गिरण्यांवर उभी राहिलेली आणि गिरण्यांबरोबर बसलेली दोन गावं मला हवी होती. इंग्लंडमध्ये ओल्डहॅम, मँचेस्टरहून ट्रामने जाता येतं. एस्टोनियात नार्वा, रशियाच्या सीमेवर, नदीच्या अलीकडे. पुढे वाचताना कळलं की ही दोन गावं आधीच एकमेकांना ओळखत होती. नार्वाची क्रेनहोम गिरणी १८५७ साली काढली लुडविग नूप या जर्मन व्यापाऱ्याने. तो मँचेस्टरच्या पेढीत धंदा शिकलेला आणि ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सची यंत्रं रशियात विकून गबर झालेला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्लॅट ही कापडाची यंत्रं करणारी जगातली सगळ्यात मोठी कंपनी होती. मुंबईच्या गिरण्यांतही त्यांचीच यंत्रं खडखडत होती. आमच्या आजोबांच्या साच्यांवर ते नाव होतं का, हे विचारायला आता घरात कुणी नाही.

ओल्डहॅमला प्लॅटचा मोठा कारखाना होता वर्नेथ भागात. आज वर्नेथमध्ये चालत निघालं की लाल विटांच्या चाळवजा घरांच्या रांगा, कोपऱ्यावर मशीद, मिठाईचं दुकान, ट्रॅव्हल एजंट. इथले बरेचसे पाकिस्तानी मिरपूर भागातले. साठच्या दशकात मंगला धरणात त्यांची गावं बुडाली, लाखभर माणसं उठली, आणि त्यातले पुष्कळ जण लँकेशरच्या नि यॉर्कशरच्या गिरण्यांत लागले. बांगलादेशी आले ते सिल्हेटचे. गोऱ्या कामगारांना रातपाळी नको होती, ती यांनी घेतली. मग गिरण्या बंद पडल्या आणि बापांच्या नोकऱ्या गेल्या, त्या वेळी मुलं शाळेत होती.

मला तिथे एक टॅक्सीवाले भेटले, पन्नाशीच्या पुढचे. मी मुंबईची म्हटल्यावर ‘बेटा’ म्हणून बोलायला लागले, पंजाबी वळणाच्या उर्दूत. वडील रातपाळीला, सकाळी घरी आले की त्यांच्या कोटाला तेलाचा नि रुईचा वास. त्याच पलंगावरून उठून चुलते दिवसपाळीला जात. “पलंग कभी ठंडा नहीं होता था,” म्हणाले. ते स्वतः सोळाव्या वर्षी शाळा सोडून नोकरी शोधायला गेले तर गिरणीच नव्हती. टॅक्सी घेतली. मुलगी आज फार्मासिस्ट आहे, मुलगा अजून टॅक्सी आणि नोकरी यांच्या मध्ये कुठेतरी. एका घरात तीन पिढ्यांचा सगळा आलेख मिळाला. मुलीच्या अर्जांबद्दल त्यांनी सांगितलं तेही आकड्यांशी जुळणारं. २०१९मध्ये ऑक्सफर्डच्या नफील्ड कॉलेजच्या संशोधकांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी पाठवून पाहिले. अल्पसंख्य नावाच्या अर्जदाराला गोऱ्या ब्रिटिश नावाइतकीच उत्तरं यायला ६० टक्के जास्त अर्ज करावे लागले. ज्यांची भाषा इंग्रजी, शाळा इंग्रजी, पदवी इथलीच, त्यांच्याबद्दल बोलतोय आपण.

टॅक्सीवाल्यांना मी मताधिकाराबद्दल विचारलं तेव्हा त्यांना प्रश्नच कळला नाही. वडील आल्या आल्या कॉमनवेल्थचे नागरिक म्हणून मतदारयादीत गेले होते. “वोट का क्या मसला?” म्हणाले. २००१च्या मे महिन्यात ओल्डहॅममध्ये दंगल झाली, नंतरच्या सरकारी अहवालात दोन समाज समांतर आयुष्यं जगताहेत असं लिहिलं गेलं. तरी मतांचा मसला त्यांना कधी पडला नाही.

नार्वाला मी गेले ते राजधानी टॅलिनहून नारिंगी रंगाच्या ट्रेनने. स्टेशनवरून थोडं चाललं की नदी, अलीकडे एक किल्ला, पलीकडे दुसरा किल्ला, मधे पूल. पुलावर सामानाच्या पिशव्या घेतलेल्या माणसांची रांग. गाड्यांना तो पूल बंदच झालाय, चालत पार करायचा, आणि रात्री तोही बंद. १९४४मध्ये गाव बेचिराख झालं, जुन्या रहिवाशांना परत येऊ दिलं नाही, आणि गिरणीसाठी, पुढे वीजकेंद्रांसाठी सगळ्या सोव्हिएत संघातून माणसं आणून गाव नव्याने वसवलं. त्यामुळे इथे जवळपास सगळे रशियन बोलतात. क्रेनहोममध्ये एके काळी दहा हजारांवर माणसं कामाला होती. गिरणीचं दिवाळं निघालं २०१०मध्ये. लाल विटांचा तो पसारा बघताना लोअर परळ आठवतं, फरक एवढाच की इथे मॉल झाला नाही. १८७२मध्ये इथल्या कामगारांनी संप केला होता, झारच्या रशियातल्या पहिल्या मोठ्या संपांपैकी एक. हे मला तिथल्या दुभाषी मुलीने मोठ्या अभिमानाने सांगितलं. मीही तिला दत्ता सामंत सांगितले.

तिच्याच ओळखीने एका घरी गेले. पाच मजली सोव्हिएत इमारत, लिफ्ट नाही, बूट दाराबाहेर काढायचे, स्वयंपाकघरातच बसायचं. घरच्या बाई चाळिशीच्या, शाळेत भूगोल शिकवतात. नागरिकत्वाबद्दल विचारलं तर त्यांनी तोंडाने उत्तर दिलं नाही. कपाटातून प्लॅस्टिकची फाईल काढून टेबलावर तीन पासपोर्ट मांडले. आईचा राखाडी, भावाचा लाल रशियन, स्वतःचा एस्टोनियन. एकाच आईची दोन मुलं. बाईंनी परीक्षा दिली, कारण शाळेची नोकरी टिकवायला भाषा हवीच होती. भाषेची तपासणी करणारं सरकारी खातं शिक्षकांकडे कधीही येऊन बसतं. भावाने नव्वदच्या दशकात रशियाचं नागरिकत्व घेतलं, त्याला तेव्हा तेच सोपं वाटलं. आईने काहीच घेतलं नाही, आणि त्यात आळस नव्हता, हिशेब होता. राखाडी पासपोर्टवर २००७पासून युरोपात विनाव्हिसा फिरता येत होतं आणि २००८पासून रशियातही. बहीण नदीपलीकडे, तिच्याकडे जायला एस्टोनियन पासपोर्टला व्हिसा लागतो, राखाडीला लागत नव्हता. फक्त दुसऱ्या युरोपीय देशात जाऊन नोकरी करायचा हक्क त्यावर नाही, आणि सत्तरीत तो कुणाला हवाय?

मी गेले त्याच्या थोडंच आधी, मार्च २०२५मध्ये, राज्यघटना बदलली होती. तोवर गावच्या निवडणुकीत तिघांनाही मत होतं. आता भावाचं मत लगेच गेलं, आईला ऑक्टोबरची निवडणूक शेवटची, बाईंचं राहिलं. युक्रेनचं युद्ध सुरू असताना शेजारच्या देशाच्या नागरिकांना मत का द्यायचं, हा एस्टोनियन लोकांचा प्रश्न मला चुकीचा वाटत नाही. पण त्या टेबलावर बसून तो प्रश्न विचारायची माझी हिंमतही झाली नाही. बाई स्वतः यावर काही बोलल्या नाहीत. त्यांचा धाकटा मुलगा मधेच येऊन पाणी पिऊन गेला. तो चौथीत होता, म्हणजे सप्टेंबर २०२४पासून ज्या इयत्तांचं शिक्षण रशियनमधून एस्टोनियनवर नेलं त्यातला. आईची परीक्षा भाषेची, मुलाची गणिताची सुद्धा भाषेचीच. आजी त्याच्या वहीत डोकावून काही मदत करू शकत नाही, आणि ही आजी गिरणीत इंजिनिअर होती.

मला वाटतं माझ्या सगळ्या प्रबंधाचं सार त्या इंजिनिअर आजीत होतं. वर्नेथमध्ये रातपाळीचा बाप, टॅक्सीचा मुलगा, फार्मसीची नात, असा जिना चढत गेला. अडखळत, पण वर. ब्रिटनमध्ये दुसरी पिढी आईबापांच्या पुष्कळ पुढे शिकली. भारतीय वंशाची मुलं शाळेत सरासरीच्या वर आहेत, बांगलादेशी वंशाची मुलंही गोऱ्या मुलांच्या पुढे गेलीत. पैसा मात्र त्या प्रमाणात आलेला नाही, आणि पाकिस्तानी नि बांगलादेशी घरांत गरिबी अजून सगळ्यात जास्त. नार्वात आजी आधीच वर होती. शिकलेली, तेव्हाच्या सोव्हिएत देशाच्या मुख्य भाषेत बोलणारी, मोठ्या कारखान्यात. तिची मुलं तिच्या पुढे जाणार तरी किती? मुलं उतरली नाहीत, त्यांच्या पायाखालचा मजलाच १९९१मध्ये खाली आला. ‘दुसरी पिढी मागे आहे’ हे एकच वाक्य दोन्ही देशांच्या अहवालांत सापडतं, पण एका ठिकाणी ती खालून निघालेली असते आणि दुसरीकडे वरून.

घराच्या रकान्याने तर मला पुरतं फसवायचा प्रयत्न केला. ‘राहतं घर मालकीचं आहे का?’ या प्रश्नाला दोन्ही गावांत बहुतेक ‘हो’. एस्टोनियात नव्वदच्या दशकात सोव्हिएत फ्लॅट राहणाऱ्यांनाच विकले, नागरिक असोत नसोत. ओल्डहॅमच्या पाकिस्तानी कुटुंबांनी गिरणीच्या पगारातून पैसे जमवून, नातेवाइकांकडून उसने घेऊन ती विटांची घरं घेतली. तक्ता बघितला तर दोघंही सुखवस्तू. पण नार्वाचा फ्लॅट विकून टॅलिनमध्ये त्याची बाल्कनीही येणार नाही, आणि ओल्डहॅमच्या घरात तीन पिढ्या दाटीवाटीने राहतात. इडा-विरू जिल्ह्यात, जिथे नार्वा आहे, बेरोजगारी देशात सगळ्यात जास्त. त्यामुळे रशियन भाषकांच्या मागासलेपणातला किती वाटा भाषेचा आणि किती निव्वळ जिल्ह्याचा, हे वेगळं काढण्यात माझा अर्धा उन्हाळा गेला. टॅलिनच्या लास्नामाए भागातल्या, उत्तम एस्टोनियन बोलणाऱ्या रशियन पोरांची स्थिती नार्वापेक्षा खूपच बरी असते. ब्रिटनमध्येही लेस्टरमधल्या युगांडाहून आलेल्या गुजराती घरांची तुलना ओल्डहॅमच्या मिरपुरींशी केली की तेच: ‘आशियाई’ या एका चौकटीत दुकानदाराची पोरं आणि धरणग्रस्ताची पोरं एकत्र बसलेली.

परीक्षकांपैकी एकांनी शेरा मारला की दोन गावं म्हणजे दोन देश नव्हेत. खरंच आहे. पण देशाच्या पातळीवर दोन्हीकडचे आकडे सरासरीत इतके गुळगुळीत होतात की हातात काही लागत नाही, हे माझं मत त्या शेऱ्यानंतरही बदललेलं नाही.

प्रबंध सप्टेंबरमध्ये सादर झाला. त्याच सुमारास नार्वात दुर्मिळ धातूंच्या चुंबकांचा एक मोठा कारखाना सुरू झाल्याची बातमी आली. युरोपियन युनियनच्या निधीतून त्याला मदत मिळालीय, तेल-खडकाच्या (ऑइल शेलच्या) खाणींतून बाहेर पडणाऱ्या जिल्ह्याला हात म्हणून. टॅक्सीवाल्या काकांना मी कबूल केल्याप्रमाणे फोन केला, नार्वाचं सगळं सांगितलं. फाईलीतले तीन पासपोर्ट ऐकून ते थोडा वेळ ‘अच्छा, अच्छा’ करत राहिले. कारखान्याचं सांगितलं तेव्हा मात्र त्यांनी लगेच विचारलं, “रात की शिफ्ट किसको देंगे?”

मी म्हटलं, ते अजून कुणी विचारलेलं दिसत नाही.